कोर्टाच्या बातमीतलं आडनाव: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

एका मराठी पेपरच्या डेस्कवर बरीच वर्षं कोर्टाच्या कॉप्या लावल्या, आता घरी बसून असतो, पण निकालाची बातमी आली की फोन सुरू होतात, आणि गंमत अशी की निकाल काय लागला हे फार कमी लोक विचारतात, बहुतेकांचा प्रश्न आडनावावरच असतो. हा जज त्याचा कोण? हे नाव असं का लिहिलं? आमच्या आडनावाचा माणूस अडकला, आता काय? तेच तेच परत टाईप करून कंटाळलो म्हणून इथे एकत्र केलं. विचारणाऱ्यांची नावं काढून टाकलीयेत, प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

१. बातमीत पहिल्यांदा पूर्ण नाव आणि नंतर नुसतं आडनाव, असं का? आणि आरोपीला 'त्याने' आणि मंत्र्याला 'त्यांनी' का?

पहिला भाग सोपा, जागा वाचते. कॉलमची रुंदी बोटभर असते, त्यात चार वेळा तीन शब्दी नाव कोण बसवणार. दुसरा भाग जरा लाज आणणारा आहे. मोबाईल चोरल्याचा आरोप असलेला पोरगा 'त्याने' होतो आणि शेकडो कोटींच्या घोटाळ्यातला माणूस 'त्यांनी' राहतो, दोघंही तेव्हा फक्त आरोपीच असतात. असा कुठला नियम नाहीये, हाताला लागलेली सवय आहे. मी पण हेच केलंय, खोटं कशाला बोलू.

२. न्या., न्यायाधीश, न्यायदंडाधिकारी, नेमकं कोणाच्या आडनावापुढे काय?

हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट असेल तर न्यायमूर्ती, म्हणजे 'न्या.'. सत्र न्यायालय, सिटी सिव्हिल वगैरे तिथे न्यायाधीश. किल्ला कोर्टासारख्या ठिकाणी रिमांडला आणतात तिथे न्यायदंडाधिकारी. घाईत सगळ्यांनाच 'न्या.' लावलेलं दिसतं, आणि मग लोकांना वाटतं हायकोर्टाने जामीन नाकारला, तर तो नाकारलेला असतो दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने.

३. निकालाला कुणाचं आडनाव मिळतं? जो जिंकतो त्याचं का?

नाही हो. जिंकण्याहरण्याशी काही संबंध नाही. जो त्या कोर्टात दाद मागायला येतो त्याचं नाव आधी, मग 'विरुद्ध', मग समोरचा. अपिलात ही जागा उलटी होऊ शकते. दारूबंदी कायद्याची गाजलेली केस घ्या, बलसारा नावाचे गृहस्थ मुंबई हायकोर्टात सरकारविरुद्ध गेले होते, पण सुप्रीम कोर्टात १९५१ साली तीच केस 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या नावाने नोंदली गेली. माणूस तोच, केस तीच, नाव डावीकडून उजवीकडे गेलं एवढंच.

फौजदारी खटल्यात फिर्याद सरकार चालवतं, म्हणून 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक', आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं आडनाव शीर्षकात कुठेच नसतं. अनेकांना हे खटकतं. आपल्या माणसाचा खून झाला आणि केसला नाव मारणाऱ्याचं.

आणि 'व इतर' हा शब्द तर फारच माणसं गिळतो. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका, निकाल १० जुलै १९८५, फुटपाथवर राहणाऱ्यांची केस. १९८१ च्या पावसाळ्यात तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवायची घोषणा केली त्यावरून ती सुरू झाली. कोर्टाने म्हटलं की पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, तरी शेवटी पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवायची मुभा मिळालीच. नाव उरलं टेलिस या पत्रकार बाईंचं. ज्यांच्या झोपड्या होत्या त्यांची आडनावं जवळपास कोणाला माहीत नाहीत.

४. बातमीत 'मंडल निकाल' म्हणतात, वकील 'इंद्रा साहनी' म्हणतो. दोन वेगळे निकाल आहेत का?

एकच. १६ नोव्हेंबर १९९२, नऊ न्यायमूर्तींचं पीठ, आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा जिथून सगळे सांगतात तो. मंडल हे आयोगाचे अध्यक्ष बी. पी. मंडल यांचं आडनाव, ते या केसमध्ये पक्षकार नव्हतेच. इंद्रा साहनी या याचिकाकर्त्या. बातमीला लोकांच्या तोंडी बसलेलं नाव लागतं, वकिलाला केसचं शीर्षक लागतं.

आपल्याकडची उदाहरणं बघा. ११ मे २०२३ चा शिवसेनेचा निकाल, सगळं राज्य त्याला ठाकरे-शिंदे निकाल म्हणतं, पण कायद्याच्या पुस्तकात शोधायला गेलात तर तो 'सुभाष देसाई विरुद्ध राज्यपालांचे प्रधान सचिव' असा सापडतो. मराठा आरक्षणाचा कायदा रद्द करणारा ५ मे २०२१ चा निकाल 'जयश्री लक्ष्मणराव पाटील' या नावाने आहे. एका कॉलेजच्या मुलाने मला रात्री साडेअकराला फोन केलेला, प्रोजेक्टसाठी शिंदे नावाचा निकाल दोन तास शोधत होता बिचारा.

५. चंद्रचूड नावाचे दोन सरन्यायाधीश होते का? आणि मुलाने वडिलांचा निकाल फिरवला ते खरं?

हो, दोन्ही खरं. यशवंत विष्णु चंद्रचूड २२ फेब्रुवारी १९७८ ते ११ जुलै १९८५, इतका काळ त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं नाही. मुलगा धनंजय चंद्रचूड ९ नोव्हेंबर २०२२ ते १० नोव्हेंबर २०२४.

आता फिरवण्याचं. आणीबाणीत १९७६ साली एडीएम जबलपूर केसमध्ये बहुमताने असं ठरलं की आणीबाणी चालू असताना अटकेतल्या माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही, त्या बहुमतात थोरले चंद्रचूड होते. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी निकालात, म्हणजे प्रायव्हसीच्या निकालात, तो जुना निकाल मोडीत काढला आणि त्यातलं मुख्य निकालपत्र धाकट्यांचं होतं. पुढच्या वर्षी व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द झालं, ते कलम १९८५ साली थोरल्यांच्या पीठाने टिकवलं होतं. त्यामुळे नुसतं 'न्या. चंद्रचूड म्हणाले' असं कोणी फॉरवर्ड केलं की आधी साल विचारा, कारण एकाच आडनावाने दोन्ही बाजूंचं लिहून ठेवलंय.

अजून एक, हे मला फार आवडतं. जबलपूर केसमध्ये विरोधात एकटे उभे राहिलेले न्या. एच. आर. खन्ना. त्यांचे पुतणे संजीव खन्ना. धाकट्या चंद्रचूडांच्या नंतर सरन्यायाधीश झाले ते हेच खन्ना, ११ नोव्हेंबर २०२४ ला. ही दोन आडनावं परत एकामागोमाग आलेली बघून आमच्या वेळचे कोर्ट बीटवाले दिवसभर एकमेकांना फोन करत होते.

६. जजचं आणि नेत्याचं आडनाव सेम आहे, म्हणजे सेटिंग असणार ना?

हा प्रश्न आठवड्यातून एकदा येतोच. महाराष्ट्रात पाटील, देशमुख, शिंदे, चव्हाण, कुलकर्णी, जोशी यांची संख्या बघा आणि मग विचार करा. मुंबई हायकोर्टात न्या. पृथ्वीराज चव्हाण होते, माजी मुख्यमंत्रीही पृथ्वीराज चव्हाण, इथे तर पहिलं नाव पण तेच! दोन पूर्ण वेगळी माणसं. न्या. शर्मिला देशमुख आणि कुठलाही देशमुख नेता, न्या. एस. एस. शिंदे आणि कुठलेही शिंदे, नुसत्या आडनावावरून काही म्हणजे काही सिद्ध होत नाही. खरंच नातं असेल किंवा पूर्वी वकील म्हणून त्या पक्षाचं काम केलं असेल तर न्यायमूर्ती स्वतः बाजूला होतात, बातमीत 'सुनावणीतून माघार' असं येतं ते हेच.

उलट नातं असून आडनावातून अजिबात दिसत नाही असंही असतं. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचे वडील ई. एस. वेंकटरामय्या १९८९ मध्ये सरन्यायाधीश होते, दोन नावं शेजारी ठेवली तरी कळणार नाही. त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये.

७. नरिमन पॉइंट फली नरिमन यांच्यावरून? नानावटी हॉस्पिटल त्या नानावटी केसवरून? कूपर?

नाही, नाही आणि नाही. नरिमन पॉइंट हे खुर्शेद नरिमन यांच्या नावाने, मुंबईचे काँग्रेस पुढारी, पुढे महापौर झाले. त्यांनी ब्रिटिश काळात बॅकबे रेक्लमेशनमधला घोळ बाहेर काढला, त्यावरून त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले, आणि आज भराव टाकलेल्या त्याच भागातल्या टोकाला त्यांचं नाव आहे. ज्येष्ठ वकील फली नरिमन आणि त्यांचे चिरंजीव न्या. रोहिंटन नरिमन ही नंतरची मंडळी.

नानावटी केस म्हणजे नौदलाचे कमांडर के. एम. नानावटी, खुनाची घटना एप्रिल १९५९ ची, ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी सोडलं, हायकोर्टाने जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ती कायम केली. पार्ल्याचं हॉस्पिटल वेगळ्या नानावटींचं, आणि गुजरात दंगलींच्या चौकशीचा नानावटी आयोग म्हणून ऐकता ते न्या. जी. टी. नानावटी, ते तिसरेच. बँक राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या निकालातले कूपर आणि जुहूच्या कूपर हॉस्पिटलचे कूपर हेही वेगळे. पारशी आणि गुजराती आडनावं मुंबईत रस्त्यारस्त्यावर आहेत, प्रत्येक पाटीला केस जोडू नका.

८. ओक की ओका? लळीत की ललित? पेपरमध्ये दोन्ही दिसतं.

ओक. लळीत. वाद नको. न्या. अभय ओक हे आपले ठाण्याचे, पण इंग्रजी एजन्सीची कॉपी येते त्यात शेवटी 'ए' असतो आणि नवीन पोरगं ते सरळ 'ओका' करून मोकळं होतं. माजी सरन्यायाधीश उदय लळीत यांचं हिंदीत 'ललित' होतं आणि हिंदीवरून परत मराठीत आलं की आपणही ललित लिहितो. गवई, बोबडे, खानविलकर यांची सुटका झाली कारण त्यांचं चुकवणं अवघड आहे.

हा नुसता शुद्धलेखनाचा नखरा समजू नका, ऑनलाईन केस शोधताना स्पेलिंगवरच सगळं अडतं. ते प्रश्न १९ मध्ये.

९. दक्षिणेकडच्या जजना आडनाव नसतं का? आणि केशवानंद भारतीमधलं भारती हे आडनाव आहे का?

तामिळ आणि कन्नड नावांत बहुतेक वेळा पुढची अक्षरं गावाची, घराण्याची किंवा वडिलांच्या नावाची असतात आणि शेवटी येतं ते त्या व्यक्तीचं स्वतःचं नाव. म्हणून 'न्या. नागरत्ना' म्हणणं म्हणजे आपल्याकडे 'न्या. शर्मिला' म्हटल्यासारखं, पण तिकडे तेच बरोबर. पुट्टस्वामी हेही आपल्या अर्थाने आडनाव नव्हे. तेलुगूत घराण्याचं नाव आधी येतं, माजी सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यातला 'एन' म्हणजे नूतलपाटी.

केशवानंद भारती हे कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी, 'भारती' ही संन्यासपरंपरेतली उपाधी. संसदेला घटनेचा मूळ ढाचा बदलता येणार नाही असं सांगणारा, देशातला सगळ्यात गाजलेला घटनापीठाचा निकाल, २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, आणि ज्याच्या नावाने ओळखला जातो त्याने घरादाराबरोबर आडनावही केव्हाच सोडलेलं! त्यांच्या बाजूने उभे राहिलेले नानी पालखीवाला मात्र अस्सल मुंबईचे, आणि त्यांचं आडनाव थेट धंद्यावरून आलेलं.

१०. शाहबानो प्रकरणात 'बानो यांनी' असं लिहिणं बरोबर आहे का?

माझ्या मते चूक. बानो, बेगम, बी, खातून हे बाईच्या नावाला जोडून येणारे शब्द आहेत, आपल्याकडे 'बाई' किंवा 'ताई' लावतात तसं काहीसं. 'सावित्रीबाई' चं दुसऱ्या उल्लेखात 'बाई यांनी' करू का आपण? १९८५ च्या निकालाचं शीर्षक 'मोहम्मद अहमद खान विरुद्ध शाहबानो बेगम' असं आहे, अपिलात नवरा आलेला म्हणून त्याचं नाव आधी, हे प्रश्न ३ मधलंच. पोटगीची लढाई त्या बाईंनी लढली तरी शीर्षकात त्या दुसऱ्याच. 'कौर', 'कुमारी', 'देवी' यांनाही हेच लागू. सरळ पूर्ण नाव परत लिहावं, कॉलमला काही होत नाही.

११. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचं बातमीत कोणतं लिहायचं? आणि जोडआडनाव?

कोर्टाच्या कागदावर जे आहे ते. लग्नानंतर बायकोने नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असा कायदा कुठेही नाही, ही आपली रीत आहे. घटस्फोटाच्या केसमध्ये बाई माहेरचं नाव लावत असेल आणि रिपोर्टर सासरचं चिकटवत असेल तर ते चुकीचंच, आणि खरं म्हणजे अशा केसमध्ये नावं लागतातच कशाला. जोडआडनाव असेल तर दोन्ही लिहायची, न्या. रेवती मोहिते डेरे यांना दुसऱ्या उल्लेखात नुसतं 'डेरे' करणं बरोबर नाही.

१२. मोदी आडनावाच्या केसमध्ये कोर्टाने नक्की काय म्हटलं? म्हणजे आता आडनावावरून जोक केला तर जेल?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि यात सगळ्यात जास्त गोंधळ, म्हणून सावकाश सांगतो. १३ एप्रिल २०१९, कर्नाटकातलं कोलार, निवडणुकीची सभा. राहुल गांधी नीरव मोदी, ललित मोदी वगैरे नावं घेऊन म्हणाले की सगळ्या चोरांचं आडनाव मोदीच कसं. सुरतचे भाजप आमदार पूर्णेश मोदी यांनी बदनामीची तक्रार केली. २३ मार्च २०२३ ला सुरतच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवून दोन वर्षं शिक्षा दिली, दुसऱ्याच दिवशी खासदारकी गेली, कारण लोकप्रतिनिधी कायद्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की अपात्रता येते. गुजरात हायकोर्टाने ७ जुलैला दिलासा नाकारला. ४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने, त्या पीठाचे प्रमुख आपले न्या. भूषण गवई, दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि ७ ऑगस्टला खासदारकी परत आली.

आता मुद्द्याचं. सुप्रीम कोर्टाने आडनावाच्या प्रश्नावर निकाल दिलाच नाही. त्यांनी विचारलं एवढंच की जास्तीत जास्त दोन वर्षांचीच शिक्षा का, त्याचं कारण खालच्या कोर्टाने का दिलं नाही, एक दिवस जरी कमी असता तरी अपात्रता आली नसती. सोबत हेही ऐकवलं की असं बोलणं चांगल्या अभिरुचीचं नाही आणि सार्वजनिक जीवनातल्या माणसाने जपून बोलावं. स्थगिती म्हणजे निर्दोष नव्हे, आणि 'कोर्टाने मोदी आडनावाला संरक्षण दिलं' हे पण नव्हे. दोन्ही बाजूंची हेडिंगं चुकली होती त्या दिवशी.

जोकचं म्हणाल तर, बदनामीच्या कायद्यात माणसांच्या समूहाची बदनामी होऊ शकते असं स्पष्टीकरण आहे, जुनं कलम ४९९, आता भारतीय न्याय संहितेत ३५६. पण समूह ठरावीक, ओळखता येण्यासारखा लागतो असं कोर्टांनी वेळोवेळी म्हटलंय. एक आडनाव लावणारे देशभरातले सगळे लोक हा असा समूह होतो का, हाच वादाचा मुद्दा होता. बचाव पक्षाने तर तक्रारदाराचं मूळ आडनाव मोदी नव्हतंच असाही युक्तिवाद केला. तेव्हा 'सगळे जोशी असेच' असं गावगप्पांत बोललात म्हणून कोणी धरून नेणार नाही, पण माईकसमोर नावं घेऊन बोललात तर सुरतेला हेलपाटे पडू शकतात.

१३. आरोपीचं आडनाव दिलं की जात कळते. मग आडनाव छापतातच का?

कळते असं तुम्हाला वाटतं. पवार, जाधव, गायकवाड, शिंदे, मोरे ही आडनावं किती समाजांत आहेत ते जरा विचारून बघा. ठाकूर हे तर कोर्टानेच चघळलेलं उदाहरण. ठाकूर ही आदिवासी जमात आहे, आणि ठाकूर आडनावाचे इतरही भरपूर, त्यामुळे दाखल्यांच्या पडताळणीत वर्षानुवर्षं वाद. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या ठाकूर जमातीच्या केसमध्ये सांगितलं की चालीरीती जुळतात का ही चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, जुन्या कागदपत्रांना वजन आहे. म्हणजे दक्षता पथक आणि समिती बसवूनही जे सहज ठरत नाही ते कमेंटवाला आडनाव वाचून तीन सेकंदात ठरवतो.

जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या कोर्टांना सांगितलं की पक्षकारांच्या तपशिलात जात किंवा धर्म लिहायची पद्धत बंद करा. प्रेस कौन्सिलच्या नियमावलीतही जातीचा उल्लेख टाळावा असं आहे, खास करून त्याने समाजाला कमीपणा येत असेल तेव्हा. अपवाद अॅट्रॉसिटीच्या केसचा, तिथे जात हाच गुन्ह्याचा गाभा असतो, ती लपवून बातमी होणारच नाही.

आडनाव बदलून जातीचा जाच टळतो का असं पण लोक विचारतात. दिल्ली हायकोर्टात २०२३ ला दोन भावांची केस आली, सीबीएसईच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं 'मोची' आडनाव बदलून 'नायक' हवं होतं. कोर्टाने परवानगी दिली, स्वतःची ओळख ठरवणं हा जगण्याच्या हक्काचा भाग म्हणून. पण नव्या आडनावावर वेगळ्या जातीचे फायदे मागता येणार नाहीत हेही बजावलं.

१४. बलात्काराच्या बातमीत पीडितेचं नाव देत नाहीत, पण नुसतं आडनाव दिलं तर चालतं का?

नाही चालत. आधी भारतीय दंड संहितेत कलम २२८ अ होतं, आता न्याय संहितेत ७२, दोन वर्षांपर्यंत कैद. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात स्पष्ट केलंय की नावच नव्हे, दूरान्वयानेही ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, व्यक्ती मेली असली तरी. आडनाव, गाव आणि 'वडील अमुक शाळेत शिक्षक', तिन्ही एकत्र दिलं की अख्ख्या तालुक्याला कळतं. आरोपी सख्खा नातेवाईक असेल तर त्याचंही नाव द्यायचं नाही, कारण आडनाव तेच असतं, हे नवीन रिपोर्टर हमखास विसरतात. मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३, आणि अल्पवयीन आरोपी असेल तर बालन्याय कायद्याचं कलम ७४.

मग अरुणा शानभाग यांचं नाव कसं सगळीकडे, असं एका ताईंनी विचारलं आणि प्रश्न चांगला आहे. परळच्या केईएममधला तो हल्ला नोव्हेंबर १९७३ चा, नाव लपवायचं कलम कायद्यात आलं १९८३ साली, तोपर्यंत नाव माहीत होऊन गेलेलं. पुढे इच्छामरणाच्या याचिकेचं शीर्षकच त्यांच्या नावाने झालं आणि २०११ चा तो निकाल तसाच ओळखला जातो. त्यावरून आज कोणी सूट घेऊ नये.

ऑफिसमधल्या लैंगिक छळाच्या केसमध्येही मुंबई हायकोर्टात न्या. गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये नावांऐवजी 'पी विरुद्ध ए' अशी अक्षरं वापरायची पद्धत घालून दिली होती.

१५. मुलाचं आडनाव कोण ठरवतं? आई दुसरं लग्न करत असेल तर?

जुलै २०२२, सुप्रीम कोर्ट, अकेला ललिता केस. वडील वारल्यावर नैसर्गिक पालक म्हणून आई मुलाचं आडनाव ठरवू शकते, दुसऱ्या नवऱ्याचंही देऊ शकते. हायकोर्टाने कागदावर 'सावत्र वडील' असं लिहायला सांगितलं होतं, त्याला सुप्रीम कोर्टाने जवळजवळ क्रूर म्हटलं. वडील हयात असतील आणि भांडण चालू असेल तर एवढं सरळ नाही, तिथे वकील गाठा.

महाराष्ट्रात १ मे २०१४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं ठरलंय, १ मे २०२४ पासून. म्हणजे अजून वीस वर्षांनी कोर्टाच्या बातमीत नावं चार शब्दी होणार, डेस्कवाल्यांनो तयारी ठेवा.

१६. सुटलो, पण गुगलवर अजून माझं नाव दिसतं. गॅझेटमध्ये आडनाव बदलू का?

राज्य राजपत्रात नाव बदलता येतं, पण जुन्या केसच्या कागदावर जुनंच राहतं, फार तर पुढे 'ऊर्फ' लागतं, आणि 'ऊर्फ' लागलं की माणूस अट्टल वाटायला लागतो! त्यामुळे त्यासाठी बदलू नका.

नाव झाकण्याबाबत कोर्टांचं एकमत नाही. ऑटो शंकर या कैद्याच्या आत्मचरित्रावरून झालेल्या १९९४ च्या केसपासून कोर्टाचं रेकॉर्ड सार्वजनिक मानलं जातं, पीडितांसारखे अपवाद सोडून. दिल्ली हायकोर्टाने २०२१ मध्ये एका सुटलेल्या माणसाला दिलासा दिला. मद्रास हायकोर्टाने २०२४ ला इंडियन कानून या निकालांच्या वेबसाईटला निकाल काढायला सांगितलं तर जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. तोवर व्यवहारातला उपाय एकच, अटकेची बातमी ज्यांनी छापली त्यांना सुटकेच्या निकालाची प्रत पाठवून तीही छापा म्हणायचं. दहातले दोनच ऐकतात, पण पाठवा.

१७. स्वतःचं आडनाव धंद्याला लावलं तर कोर्ट अडवू शकतं का? लोढांचं काय झालं?

ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरायला आडकाठी नाही. पण 'प्रामाणिकपणे' या शब्दावरच वकिलांची घरं चालतात. किर्लोस्करांच्या नव्वदच्या दशकातल्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने घराण्यातल्याच कंपनीला ते नाव वापरण्यापासून रोखलं होतं. बिल्डर लोढा बंधूंचं जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टात आलं, थोरल्याच्या मॅक्रोटेकने धाकट्यावर ५ हजार कोटींची भरपाई मागितली, कोर्टाने मध्यस्थीला पाठवलं, निवृत्त न्या. रवींद्रन मध्यस्थ, आणि एप्रिलमध्ये मिटलं. 'लोढा' हे मॅक्रोटेककडे, 'हाऊस ऑफ अभिनंदन लोढा' हे धाकट्याकडे. मिटवलेलं प्रकरण असल्यामुळे त्यातून कायदा ठरला असं म्हणू नका.

१८. आमच्या आडनावाचा माणूस पकडला गेला आणि सोसायटीत सगळे मलाच विचारतायत. पेपरवर केस करू शकतो का?

बातमी त्या माणसाची खरी असेल तर नाही. कोर्टाच्या कामकाजाचा बऱ्यापैकी अचूक वृत्तांत हा बदनामीला अपवादच आहे. पण तुमचा फोटो लागला किंवा पत्ता तुमचा पडला तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच संपादकाला लेखी कळवा, दुरुस्ती मागा, नाही छापली तर प्रेस कौन्सिल.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. एकदा आम्ही आरोपीच्या जागी त्याच आडनावाच्या, त्याच वयाच्या भलत्याच वकिलाचा फोटो लावला. फाईलमध्ये नुसतं आडनाव टाकून सेव्ह केलेला, रात्री एकला मी तोच उचलला. सकाळी सातला त्यांचा फोन. ओरडले असते तर बरं झालं असतं, ते फक्त म्हणाले, मुलीला आज शाळेत पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापली, सातव्या पानावर, खाली, बोटाच्या पेरापेक्षा लहान.

१९. बातमीतलीच केस आहे की दुसऱ्या कोणाची, हे घरबसल्या कसं बघायचं?

आडनावावरून शोधू नका, तिथेच लोक फसतात. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी वेबसाईटवर, पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, निदान तीन अक्षरं आणि साल लागतं, पण 'पाटील' टाकलंत तर यादी संपता संपत नाही, आणि चव्हाण, पवार, गायकवाड, वाघ यांची इंग्रजी स्पेलिंगं प्रत्येक क्लार्कची वेगळी. बातमीत केस नंबर किंवा तारीख, कोर्ट आणि वकिलाचं नाव असेल तर ते घ्या. सगळ्यात बरा तो सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर, सोळा अक्षरी, दोन केसना एक असूच शकत नाही. हायकोर्टाचं असेल तर आधी ठरवा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा की ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं कोल्हापूर, कारण बातमी नुसतंच 'मुंबई हायकोर्ट' म्हणते आणि तुम्ही फोर्टच्या यादीत शोधत बसता. मग निकालपत्र उघडा आणि पहिल्या पानावर पूर्ण नाव बघा, वडिलांच्या नावासकट. ते जुळलं नाही तर तो माणूस तुमच्या ओळखीचा नाही, फॉरवर्ड डिलीट करा आणि मला फोन करू नका.